मोकळी केलेली जागा

डिसेंबरात न्युरेंबर्गला आमच्याकडे कुणीही पाहुणे आले, की त्यांना हाउप्टमार्क्टवर न्यायचं, हा आमच्या घरातला नियम आहे. संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. चढणीच्या गल्लीतून खाली उतरताना आधी वास येतो. भाजलेले बदाम, कोळशावरचे सॉसेज, गरम वाइनमधली लवंग-दालचिनी, सगळं एकात एक मिसळलेलं. मग एकदम चौक उघडतो आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छतं असलेल्या लाकडी दुकानांच्या ओळी दिसतात. साधारण एकशेऐंशी दुकानं. महिनाभरात वीसेक लाख माणसं इथे येऊन जातात. पाहुणे फोन काढतात, "अगं काय सुंदर आहे!" म्हणतात, आणि जणू ते सगळं मीच उभारलं असल्यासारखी मी खूश होते.

२०२२च्या डिसेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच आले. कोविडमुळे त्याआधी सलग दोन वर्षं बाजार भरलाच नव्हता, त्यामुळे गर्दी अशी की खांद्याला खांदा. आई हरखून गेली. बाबा मात्र बाजाराकडे पाठ करून उभे होते आणि चौकाच्या चारी कडा न्याहाळत होते. बाबांची सगळी नोकरी सिटी सर्व्हेत गेली. भूकरमापक म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. कुठल्याही गावात गेले तरी ते आधी गावठाण बघतात.

"किती जुनं गाव आहे हे?" त्यांनी विचारलं.

"हजारेक वर्षांचं तरी."

"आणि तटबंदीच्या आतलं. वरून येताना बघितलं ना, गल्ल्या केवढ्याशा आहेत. भिंतीला भिंत. अशा गावात मधोमध, नदीकाठी, एवढी चौकोनी जागा मोकळी राहत नाही. ही मोकळी केलेली आहे. कुणाची घरं होती इथे?"

मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी त्यांच्या हातात गरम वाइनऐवजी फळांचा गरम रस दिला आणि म्हटलं, "शोधते."

---

मला जी माहिती होती ती बाजाराची होती, आणि ती मी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवायचे.

जर्मन भाषक प्रदेशात असे बाजार खूप जुने आहेत. ड्रेस्डेनचा बाजार १४३४पासूनचा, तो सुरू झाला एका दिवसाचा मांसबाजार म्हणून. न्युरेंबर्गच्या बाजाराचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे एक लाकडी डबी. लांबी जेमतेम १९ सेंटीमीटर, लंबगोल, वर फुलं रंगवलेली. ती इथल्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. डबीवर लिहिलंय, की ही रेगिना सुझाना हार्सड्योर्फर हिला दुसऱ्या एका मुलीने 'किंडलाइन्समार्क'निमित्त १६२८ साली पाठवली. 'किंडलाइन' म्हणजे बाळ. म्हणजे बाळाच्या नावाचा बाजार तेव्हा भरत होता आणि मैत्रिणी एकमेकींना तिथल्या भेटी पाठवत होत्या.

हे बाळ म्हणजे येशूबाळ, क्रिस्टकिंड. पूर्वी मुलांना भेटी मिळायच्या त्या सहा डिसेंबरला, संत निकोलसच्या नावाने. मार्टिन लुथर आणि त्याच्या अनुयायांना संतांची पूजा मान्य नव्हती, म्हणून भेटी देणारा बदलला आणि दिवसही बदलला. भेटी आता नाताळात क्रिस्टकिंड आणू लागलं. न्युरेंबर्गने १५२५ साली लुथरचा पंथ स्वीकारला होता, त्यामुळे इथला बाजारही क्रिस्टकिंडच्या नावाचा झाला. १७३७च्या एका यादीत या बाजारात माल मांडायचा हक्क असलेल्या १४० जणांची नोंद आहे. गावातल्या बहुतेक सगळ्या कारागिरांचा माल तिथे येत असे.

आईला या इतिहासापेक्षा लेबकुखेनमध्ये जास्त रस होता. हा न्युरेंबर्गचा मसालेदार गोड केक, आकाराने बिस्किटासारखा गोल. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "हा तर आपल्या मसाल्याच्या डब्याचा वास!" दुसऱ्या घासाला म्हणाली, "वेलदोडा जरा जास्त झालाय."

तिचं नाक बरोबर होतं. गावाभोवतीच्या जंगलात मधमाश्या पाळणारे होते, त्यामुळे मध घरचाच. मिरी, दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ मात्र यायचं पार आपल्या समुद्रापलीकडून, आधी व्हेनिसमार्गे आणि नंतर लिस्बनमार्गे. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेदाचं पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानाकडे निघालं तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता. त्यांत ऑग्सबुर्गच्या वेल्सर आणि फुगर घराण्यांच्या बरोबरीने न्युरेंबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणी होती. याच आरमाराने कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला. ते बेट आज गोवा राज्यात आहे. या भागात पोर्तुगीजांनी पुढे काय केलं ते आपल्याला ठाऊकच आहे.

एरवी माझी गोष्ट इथे संपायची. पाहुण्यांना 'आपली वेलची' आवडते, तेवढ्यावर सगळे घरी येतात. बाबांच्या प्रश्नामुळे मला पुढे वाचावं लागलं.

---

तेराव्या आणि चौदाव्या शतकात न्युरेंबर्ग म्हणजे पेग्निट्झ नदीच्या दोन काठांवरची दोन वस्त्या होत्या. मधला नदीकाठचा भाग दलदलीचा. राहायला वाईट म्हणून ज्यूंना तिथे जागा मिळाली. त्यांनी ती भरून घेतली, घरं बांधली, सिनेगॉग बांधलं. दोन्ही काठांवरची वस्ती वाढत गेली तशी ही वाईट जागा गावाच्या बरोबर मध्यावर आली. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. जमिनीचा भाव कसा वाढतो, ते त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

१३४८-४९मध्ये युरोपात प्लेग पसरला. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी अफवा उठली आणि गावोगावी ज्यूंच्या कत्तली झाल्या. पण न्युरेंबर्गची गोष्ट नुसत्या अफवेची आणि बेभान जमावाची नाही. इथे आधी कागद झाले.

ज्यू तेव्हा कायद्याने राजाच्या संरक्षणाखाली असत, त्यासाठी त्याला कर देत. राजा होता चौथा कार्ल. गादी नुकतीच मिळालेली, डोक्यावर कर्ज, आणि मित्र टिकवायचे तर काहीतरी द्यायला हवं. १३४९च्या जूनमध्ये त्याने ब्रांडेनबुर्गच्या मार्गग्राफला न्युरेंबर्गमधल्या ज्यूंच्या घरांपैकी तीन उत्तम घरं देण्याचं वचन लिहून दिलं. अट एवढीच, की तिथले ज्यू मारले जातील तेव्हा. घरांत माणसं राहत होती तेव्हाची ही गोष्ट. मग १६ नोव्हेंबर १३४९ रोजी त्याने शहराला सनद दिली. उलरिश श्ट्रोमर या नगरसभेच्या प्रतिनिधीने त्यासाठी बोलणी केली होती. ज्यूंची घरं पाडावीत, त्या जागी दोन बाजारचौक करावेत, तिथे पुन्हा कधी घर बांधू नये आणि सिनेगॉगच्या जागी मेरीमातेचं चर्च उभारावं, असा तिचा मजकूर.

एकोणीस दिवसांनी, ५ डिसेंबरला, कत्तल झाली. किमान ५६२ ज्यूंना मारण्यात आलं, बहुतेकांना जाळून.

त्या दोन चौकांतला मोठा चौक म्हणजे हाउप्टमार्क्ट. तिथलं चर्च म्हणजे फ्राउएनकिर्ख.

ही तारीख वाचून मी लॅपटॉप बंद केला. पाच डिसेंबरची संध्याकाळ मला पाठ होती, ती वेगळ्याच कारणाने. त्या रात्री इथली मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात आणि निकोलस येऊन त्यांत संत्री, अक्रोड, चॉकलेट टाकून जातो. माझ्या लेकीचे एकेका वर्षाने मोठे होत गेलेले बूट मला आठवत होते. त्या तारखेला आणखी काही असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना घेऊन मी पुन्हा गेले. फ्राउएनकिर्खच्या दर्शनी भागावर १५०९ सालचं एक यांत्रिक घड्याळ आहे. रोज दुपारी बारा वाजता त्यातून सात राजपुरुष निघतात आणि मधोमध बसलेल्या सम्राटाभोवती फेऱ्या घालतात. १३५६ साली न्युरेंबर्गमध्ये निघालेल्या सुवर्ण आज्ञापत्राची ती आठवण आहे. सम्राट कसा निवडायचा हे त्यात ठरलं होतं. खाली शेकडो माणसं माना वर करून बघतात, मुलं फेऱ्या मोजतात. मधोमध बसलेला सम्राट म्हणजे हाच चौथा कार्ल.

"म्हणजे मंजुरी देणारा साहेब अजून जागेवरच आहे," बाबा म्हणाले.

आम्ही चर्चच्या आत गेलो. वेदीच्या बाजूला फरशीत एक डेव्हिडचा तारा बसवलेला आहे, सिनेगॉगची आठवण म्हणून. कुणी सांगितल्याशिवाय लक्षात यायचा नाही. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी एक सांगितलं, जे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. रस्तारुंदीची मोजणी करताना पाडायची घरं नकाशावर तुटक रेषेने दाखवायची असत. ते नकाशे बाबांच्या हातचे होते. "तुटक रेष काढायला हात सुरुवातीला जड जायचा. नंतर नाही जायचा. मोबदला मिळायचा लोकांना, ही गोष्ट वेगळी. पण रेष काढताना घरात कोण आहे ते बघायचं नाही, हे आम्ही शिकलो होतो." एवढं बोलून ते बाहेर आले आणि मफलर गुंडाळू लागले.

---

पुढची पाचशेहून अधिक वर्षं एका परिच्छेदात सांगता येतात. कत्तलीनंतर थोड्याच वर्षांत काही ज्यू परत आले. त्यांच्या कराची शहराला गरज होती. १४९८-९९मध्ये त्यांना पुन्हा हाकललं गेलं आणि १८५०पर्यंत ज्यू माणसाला न्युरेंबर्गचा नागरिक होता आलं नाही. १८७४ साली त्यांनी चौकापासून हाकेच्या अंतरावर, आज ज्याला हान्स-साख्स-प्लाट्झ म्हणतात तिथे, मोठं सिनेगॉग बांधलं.

याच काळात बाजाराची कळा उतरली. कारखान्यांचा माल आला, मोठी दुकानं आली, आणि १८९८ साली बाजार हाउप्टमार्क्टवरून उठला. त्यानंतर तो कधी इथे, कधी तिथे असा भरत राहिला.

त्याला हाउप्टमार्क्टवर परत आणलं ते १९३३ साली, नाझी महापौर विली लीबेलने. चौकाचं नाव तोवर आडोल्फ-हिटलर-प्लाट्झ झालं होतं. नाझी पक्षाच्या महामेळाव्यांच्या या शहराला त्यांना 'जर्मन राइशची रत्नपेटी' म्हणून मिरवायचं होतं. जुनं, अस्सल, निर्भेळ जर्मन शहर. त्यासाठी बाजारालाही सोहळ्याचं रूप हवं होतं. सोनेरी केसांचं क्रिस्टकिंड दोन देवदूतांसह येतं आणि पद्यातून बाजाराचं उद्घाटन करतं, ही पद्धत त्या वर्षी सुरू झाली. आज पर्यटक जिला शेकडो वर्षांची परंपरा समजतात ती ही.

घरातला गणपती सार्वजनिक झाला तो कोणत्या काळात आणि का, हे आपल्याकडे शाळेतच शिकवतात. उत्सवाला कुणीतरी रूप देतं, त्यामागे हेतू असतो, याचं मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९३८च्या ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरातल्या त्या कुप्रसिद्ध रात्रीच्या तीन महिने आधीच, नाझींनी हान्स-साख्स-प्लाट्झवरचं सिनेगॉग पाडलं. जाहीर सभा भरवून, युलियुस श्ट्रायखरच्या उपस्थितीत. कारण दिलं ते असं, की ही इमारत जुन्या जर्मन शहराच्या रूपाला शोभत नाही. बाजार चौकात आणणं आणि सिनेगॉग पाडणं या एकाच कामाच्या दोन बाजू होत्या. चित्र सुंदर करायचं आणि त्यात न बसणारं खोडून टाकायचं.

युद्ध सुरू झालं आणि बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ९० टक्के भाग नष्ट झाला. फ्राउएनकिर्खच्या भिंती आणि दर्शनी भाग तेवढा उरला. १९४८ साली त्या पडक्या शहरात बाजार पुन्हा भरला. क्रिस्टकिंडसाठी फ्रीडरिश ब्रोगर यांनी नवं पद्य लिहिलं आणि सोफी केझर या अभिनेत्रीने ते म्हटलं. थोडेफार फेरफार होत तेच आजवर चालू आहे. म्हणजे उद्घाटनाचे शब्द बदलले आणि गॅलरीतलं क्रिस्टकिंड तसंच ठेवलं.

१९६९मध्ये आणखी एक बदल झाला. अभिनेत्रीऐवजी शहरातली मुलगी निवडायची असं ठरलं. वय सोळा ते एकोणीस, उंची किमान एकशेसाठ सेंटीमीटर, उंचावर उभं राहिल्यावर चक्कर येता कामा नये, आणि थंडीवाऱ्याची तक्रार करायची नाही. मुदत दोन वर्षं.

---

२०१९च्या ऑक्टोबरच्या शेवटी ही निवड झाली आणि बेनिग्ना मुन्सी हे नाव जाहीर झालं. सतरा वर्षांची, न्युरेंबर्गमध्येच जन्मलेली. आई जर्मन, वडील मूळचे भारतीय. आमच्या भारतीय मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत फोटो फिरला. मग एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या म्युनिकजवळच्या एका शाखेच्या फेसबुक पानावर तिच्या फोटोसह एक वाक्य आलं, अशा अर्थाचं, की एक दिवस आपलीही गत रेड इंडियनांसारखी होणार. जर्मनमध्ये भारतीयाला 'इंडर' म्हणतात आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना 'इंडियानर'. त्या साधर्म्यावर तो विनोद होता. म्हणजे ही मुलगी उपरी आणि आम्ही संपवले जाणारे मूळ रहिवासी.

गदारोळ झाला. शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं, देशभरातून पाठिंबा आला, ते वाक्य काढून टाकावं लागलं. २९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आम्हीही चौकात होतो. लेक सहा वर्षांची, नवऱ्याच्या खांद्यावर बसलेली. दिवे विझले, फ्राउएनकिर्खच्या गॅलरीत उजेड पडला आणि सोनेरी केसांच्या टोपाखाली बेनिग्ना उभी राहिली. तिने पद्य म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने वरून वाकून विचारलं, "मोठी झाल्यावर मी होऊ शकते?" नवरा म्हणाला, "आधी एकशेसाठ सेंटीमीटर हो." मी काहीच बोलले नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

तेव्हा मला बाजाराचा हा सगळा इतिहास माहीत नव्हता. तीन वर्षांनी, बाबांमुळे तो वाचल्यावर, त्या संध्याकाळकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. ती गॅलरी ज्या चर्चला आहे, ते सिनेगॉग पाडून उभारलेलं. त्या गॅलरीतल्या सोनेरी केसांच्या क्रिस्टकिंडचा सोहळा 'निर्भेळ' शहर दाखवायचं होतं त्यांनी घडवलेला. आणि तिथे मुन्सी आडनावाची मुलगी उभी राहिली, कारण मधल्या काळात कुणीतरी नियम बदलून दार शहरातल्या सगळ्या मुलींसाठी उघडं केलं होतं. परंपरा बदलता येते, हे आधी वाईट हेतूने सिद्ध झालं होतं. नंतर चांगल्या हेतूनेही झालं. पण म्हणून १३४९ची फेड झाली, असं मला म्हणवत नाही. ज्यांची घरं गेली त्यांचं काही परत आलं नाही.

आई-बाबा निघायच्या आदल्या दिवशी आम्ही लेकीला घेऊन मुलांच्या बाजारात गेलो. तो हाउप्टमार्क्टला लागूनच, हान्स-साख्स-प्लाट्झवर भरतो. जुन्या धाटणीचं दुमजली मेरी-गो-राउंड, छोटी आगगाडी, मुलांनी स्वतः मेणबत्त्या करायच्या अशी दुकानं. लेक घोड्यावर बसली. मी बाबांना नदीच्या बाजूला नेलं आणि पाडलेल्या सिनेगॉगचा स्मृतिदगड दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, जर्मन अक्षरं वाचता येत नसतानाही आकडे वाचले, आणि मान वळवून दगडापासून मेरी-गो-राउंडपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. सवयच ती.

"मग आता इथे यायचं की नाही?" मी विचारलं. तो प्रश्न बऱ्याच दिवसांपासून माझ्या मनात होता.

"यायचं की. न येऊन ती घरं थोडीच उभी राहणार आहेत? पण पाहुण्यांना सांगताना ही जागा गाळून सांगू नकोस."

आईने तेवढ्यात सुक्या आलुबुखाराचा एक बाहुला विकत घेतला होता. न्युरेंबर्गची खासियत. हात, पाय, धड सगळं आलुबुखाराचं, डोकं अक्रोडाचं. साताऱ्याच्या घरी तो काचेच्या कपाटात ठेवलेला आहे. बाबांनी त्याच्याशेजारी या गावाचा एक पर्यटकांना फुकट मिळणारा नकाशा घडी घालून ठेवलाय. मागच्या वर्षी गेले तेव्हा मी तो उघडून बघितला. हाउप्टमार्क्टच्या चौकोनात बाबांनी पेन्सिलीने तुटक रेषा काढल्या होत्या. घरं कुठे होती ते त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. अंदाजानेच काढली होती, एकाला एक लागून, चौक भरेल इतकी.